परत जाण्याचा हेतू

पाकीट आलं तेव्हा यामिनी मेथी निवडत होती.
आत दोन पासपोर्ट, कोरेच,
आणि एक चौकटींचा छापील कागद.
एकाच चौकटीत फुली:
मुदत संपल्यावर परत जाण्याच्या तुमच्या हेतूबद्दल
वाजवी शंका आहे.

चौतीस वर्षं एजी ऑफिसात मी
लोकांच्या बिलांवर आक्षेप काढले.
भाषा ओळखीची वाटली.
'वाजवी' तर मीही पुष्कळ वापरला.
जोडलं होतं सगळं: पेन्शनचा कागद,
जीवाजीगंजातल्या घराची घरपट्टी, बँकेचा शिक्का.
यामिनी म्हणाली, दूधवाल्याची वही जोडायला हवी होती.

फ्रिजवर चुंबकाखाली ऋजुताने पाठवलेलं
प्रागचं वेळापत्रक तसंच राहिलं.
पहिला दिवस: टेकडीवरचा किल्ला.
दुसरा: जुना चौक. घड्याळातून बाहुल्या येतात,
दहा मिनिटं आधी उभे राहा.
तिसरा: नदी, संध्याकाळी. आई, शाल.

शुक्रवारी तिने तो कागद काढला,
चार घड्या घालून पर्समध्ये टाकला.
"किल्ला तर आहे," म्हणाली.

लग्नानंतर पचमढी ठरली होती.
पण मार्च होता.
मग मार्चनंतर मार्चच येत गेले.

स्टेशनजवळच्या हॉटेलात पोराने
आमची आधार कार्डं उलटसुलट पाहिली.
"अंकल, लोकल आयडी नहीं चलेगी.
घर है ना आपका?"
तिकडचे म्हणतात, हे परत जाणार नाहीत.
इकडचे म्हणतात, परत जा.
बॅगेची चाकं नवी होती,
गल्लीभर खडखडत आली.
समोरच्या मोघेवहिनी गॅलरीतून:
"अगंबाई, झाली पण युरोप?"

किल्ल्यावर मी अकरा वेळा तरी गेलो असेन,
पाहुण्यांना घेऊन.
पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे, तिकिटांचा हिशेब माझ्याकडे.
मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या फरशांखालून
पिवळी बदकं ओळीने चालली आहेत
हे या खेपेला दिसलं.
गाईडने विचारलं, कहाँ से?
यामिनी म्हणाली, प्राग.
त्याने पापणी न हलवता दीडशे वाढवले.

उतारावरच्या एवढ्याशा देवळात
दगडात कोरलेलं शून्य आहे.
दोनशे सत्तर हात फुलबाग,
देवाला रोज पन्नास हार.
मी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.
पावती कुठेच जोडलेली नव्हती.
जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी बाड्यावर, घड्याळासमोर,
बाराला दहा कमी असताना उभे राहिलो.
त्या परदेशी खांबांच्या इमारतींतून
माणसं बाहेर येत राहिली.
एक पोस्टाची थैली घेऊन,
एक स्टॅम्पपेपर वाळवत,
एक नुसताच, कानात काडी घालत.
बारा वाजले तेव्हा यामिनी गजक खात होती.
"तो काडीवाला," ती म्हणाली, "छान होता."
आणि इतकी हसली
की शेजारच्या पेरूवाल्याने
तिला बसायला स्टूल दिलं.

तिसरा दिवस नदीचा.
स्वर्णरेखा म्हणजे आता सिमेंटची नाली,
मधोमध काळ्या पाण्याची एक रेघ,
काठाला दोन डुकरं.
आम्ही पुलावर उभे. नाव नव्हती,
नाविक नव्हता, वास होता.
तिने शाल काढली. एकच आणली होती.
अर्धी माझ्या खांद्यावर टाकली,
भर रस्त्यात, विक्रम टेम्पो भोंगे वाजवत असताना.

मग पर्समधून कागद काढला, पेन काढलं,
कठड्यावर टेकवून तिसऱ्या ओळीपुढे
बरोबरची खूण केली.
"चला," म्हणाली. "दूध आलं असेल."

मी हललो नाही.
त्यांची शंका वाजवी होती.
पलीकडच्या काठावर कोणीतरी
हातगाडीवर एकेक दिवा लावत होतं,
आणि शालीचं आपल्याकडचं टोक
मी मुठीत धरून ठेवलं होतं.